निःसंकोचपणे यावे

पोलीस मुख्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या दारातून आत गेलं की तक्रार नोंद विभाग लागतो. विभाग म्हणायचं म्हणून म्हणायचं. कपाटांच्या तीन रांगा, दोन टेबलं, आणि एक पंखा, ज्याला बंद राहणं आणि कागद उडवणं या दोनच गोष्टी येतात. इथं एकतीस वर्षं एकच कारकून बसत आला होता. त्याचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला मोतीकाका म्हणत. मोती हे नाव कुत्र्यालाही ठेवतात, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं आणि नाव पक्कं चिकटलं होतं. शिवाय वरून हाक आली की तो लगेच उठून जायचाही, त्यामुळे कुरकुर करायला तोंड नव्हतं.

निवृत्तीला अडीच महिने उरले होते आणि ते गुपचूप ढकलावेत एवढीच त्याची इच्छा होती. पण नशिबात गुपचूप काही नसतं. गेल्या वर्षी एका शिपायाचं प्रकरण बाहेर आलं होतं. त्याच्याविरुद्ध आठ वर्षांत सहा तक्रारी होऊन गेल्या होत्या, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि सातव्या वेळी गोष्ट तक्रारीच्या पलीकडे गेली. लोक रस्त्यावर आले. शेजारपाजारचे पोलिसांच्या बायकामुलांशी बोलेनासे झाले. मग वरून फर्मान सुटलं, की खात्यातल्या प्रत्येकाची चारित्र्य पडताळणी करायची. आजवर पोलीस ती लोकांची करत आले होते. आता उलटा कारभार.

त्यासाठी दुसऱ्या खात्यातून एक अधिकारी बाई आणल्या होत्या. वयानं मोतीकाकाच्या मुलीएवढ्या, डोळ्यांखाली काळं, डबा टेबलावर उघडा ठेवून फायली वाचणाऱ्या. चौदाशे माणसांची पत्रकं त्यांना भरायची होती. त्या कुणावर ओरडत नसत. ओरडायलाही अंगात जीव लागतो.

बुधवारी दुपारी त्यांनी मोतीकाकाला समोर बसवलं.

"काका, हे ठाणेदार साहेब. यांना सगळे भाऊ म्हणतात, तेच ना?"

"हो, मॅडम."

"यांच्याविरुद्ध अकरा तक्रारी आहेत. अकराही बायकांच्या. आणि प्रत्येकीच्या शेवटी तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'तक्रारदाराचे समाधान झाले.' अकराच्या अकरा जणींचं समाधान. एवढं समाधान मला लग्न करूनही मिळालं नाही."

मोतीकाका कसनुसं हसला.

"समाधान झालं म्हणजे नेमकं काय झालं हो?"

"दोनदा पत्र पाठवून जबाबाला बोलावलं, आल्या नाहीत. मग फाईल बंद करावी लागते."

"मग 'आल्या नाहीत' असं का नाही लिहिलं?"

"तसा रकाना नाही, मॅडम."

आणि खरंच नव्हता. छापील नमुन्यात शेवटी तीन रकाने होते: तथ्य आढळले, तथ्य आढळले नाही, समाधान झाले. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यानं आपल्या हेडक्लार्कला विचारलं होतं, की न आलेल्या माणसाला कुठं घालायचं? हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवून सांगितलं होतं, "ज्याचं समाधान होत नाही तो परत येतो. आला नाही म्हणजे झालं त्याचं समाधान." तेव्हा ते ऐकायला फार हुशारीचं वाटलं होतं. ही हुशारी मोतीकाकानं एकतीस वर्षं वापरली आणि चार हजारांवर माणसांना मोत्यासारख्या अक्षरात समाधानी करून टाकलं.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "माझ्या पत्रकात फक्त 'तथ्य आढळले' मोजतात. बाकी सगळं शून्य. म्हणजे कागदावर हे साहेब स्वच्छ आहेत. सोमवारी ते नव्या जनविश्वास कक्षाचे प्रमुख होणार. पोलिसांविरुद्ध बायकांच्या ज्या तक्रारी येतील, त्या यापुढे थेट त्यांच्या टेबलावर जातील. माझं पत्रक शुक्रवारी दुपारी वर जाणार." त्या थांबल्या. "कागदावर नसलेलं मला दिसत नाही, काका. तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा."

तो अकरा फायली उचलून आपल्या टेबलाशी आला. त्याला सांगायचं काहीच नव्हतं. सांगण्यासारखं काही दिसू नये म्हणून तर तो इतकी वर्षं खाली मान घालून लिहीत आला होता. तरी त्यानं फायली चाळल्या. सातव्या फायलीवरचा पत्ता वाचून त्याचा हात थबकला. मुख्यालयामागची गल्ली, घड्याळवाल्याशेजारचं शिवणकामाचं दुकान. ही तर ती टेलरबाई. त्याच्या पँटी ती वर्षानुवर्षं उसवून सैल करत आली होती आणि हल्ली आवळून देत होती. फाईल सात वर्षांपूर्वीची होती. या सात वर्षांत तो तिच्या दुकानात निदान वीसदा गेला असेल. तिनं कधी अवाक्षर काढलं नव्हतं आणि त्यालाही आठवलं नव्हतं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बायको खिडकीशी बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"भाऊंनी तुझ्या ऑपरेशनच्या वेळी गाडी पाठवली होती," तो म्हणाला. "दवाखान्यात तासभर उभे होते स्वतः."

"होते. माणूस बोलायला गोडच आहे." तिनं तेलाची बाटली बंद केली. "पण गाडी सरकारी होती."

"मी तोंड उघडलं तर त्या अकराच उघडतील असं नाही. चार हजार उघडतील. सगळीकडं सही माझी. शेवटच्या अडीच महिन्यांत चौकशी लागली तर पेन्शन अडकवून ठेवतात."

"अहो, पण त्या बायकांचं समाधान झालं होतं की नव्हतं?"

"ते कसं सांगू?"

"विचारलं नाहीत?"

"विचारायची वेळच कधी आली नाही."

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. संसारात पन्नासदा पाहिलेली ही नजर होती, आणि दर वेळी त्याला ती नवी वाटायची. "मग उद्या विचारा," ती म्हणाली. "तुमची निळी पँट तशीही कमरेला ढगळ झालीय."

गुरुवारी सकाळी भाऊ स्वतःच नोंद विभागात उतरले. उंच माणूस, गणवेशाला एक सुरकुती नाही, आणि आवाज असा की समोरच्याला वाटावं, जगात माझ्याइतकं जवळचं यांना कुणी नाही. मागून शिपाई दोन चहा घेऊन आला.

"मोतीकाका, वहिनींचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे, भाऊ."

"ऐकलं की त्या पडताळणीवाल्या बाई माझ्या फायली बघतायत. बघू दे. तुमच्या अक्षरानं मला तारलंय बघा." त्यांनी मोतीकाकाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात उबदार होता आणि जरा जास्त वेळ तिथंच राहिला. "तुमचा निरोप समारंभ मी करणार. जिन्याखालच्या माणसाला कुणी विचारत नाही, पण मी विसरत नाही. मी कुणालाच विसरत नाही, काका."

चहा चांगला होता. मोतीकाकानं तो सगळा प्यायला, आणि भाऊ गेल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. का वाटली हे मात्र अजून नीट कळत नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत तो पँट कागदात गुंडाळून टेलरबाईकडं गेला. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेले अर्धवट कपडे. टेलरबाईनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या, पँट उलटी केली, खडूनं कमरेला दोन रेघा मारल्या.

"अजून बारीक झालात, काका. मंगळवारी घेऊन जा."

"ताई, एक विचारायचं होतं." "सात वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याकडं एक तक्रार दिली होती."

तिचा हात पँटीवर तसाच राहिला.

"तुमचं समाधान झालं होतं का?"

टेलरबाईनं त्याला स्टुलावर बसायची खूण केली. मग तिनं दुकानाचं दार लोटून घेतलं, पण कडी लावली नाही. "हे विचारायला सात वर्षं लागली?"

"चूक झाली."

"तक्रार काय होती ते तरी वाचलंत का?"

त्यानं वाचली होती. कालच, पहिल्यांदा. पती वारल्यावर दुकानाच्या परवान्याला लागणारा पोलिसांचा दाखला घ्यायला ती ठाण्यात गेली होती. भाऊंनी तिला तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा सगळे जेवायला गेल्यावर यायला सांगितलं, आणि दार लावून घेतलं. ती त्यांना ढकलून बाहेर पडली होती. एवढं सगळं तिनं दीड पानात लिहिलं होतं, कुठंही जास्तीचा शब्द नाही.

"वाचली," तो म्हणाला. "मग तुम्ही जबाबाला का आला नाहीत? मी दोनदा पत्र पाठवलं होतं."

ती उठली. बटणांच्या डब्यांच्या रांगेतून एक पत्र्याचा डबा तिनं काढला, बटणं बाजूला सारली आणि तळातून चार घड्यांचा एक कागद काढून त्याच्यापुढं धरला. मोतीकाकानं आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. 'आपल्या तक्रारीसंदर्भात जबाब देण्यासाठी आपण मुख्यालयात निःसंकोचपणे यावे.' निःसंकोचपणे हा शब्द त्यानं स्वतः नमुन्यात घातला होता, लोकांना बरं वाटावं म्हणून. त्या शब्दाचा त्याला अभिमान होता.

"हे पत्र कोण घेऊन आलं होतं माहीत आहे?" तिनं विचारलं.

टपालात पत्रं गहाळ होतात, म्हणून ती त्या त्या भागातल्या ठाण्यामार्फत हातोहात द्यायची रीत होती. पत्र मुख्यालयातून ठाण्यात जायचं, आणि तिथला कुणीतरी ते दारावर नेऊन पोच घ्यायचा. कोण न्यायचा, हा प्रश्न जिन्याखाली कधी आलाच नव्हता.

"तोच आला होता," टेलरबाई म्हणाली. "तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसला. मला म्हणाला, वाचून दाखव. मी वाचलं. निःसंकोचपणे या शब्दावर हसला आणि म्हणाला, परत वाच. मी परत वाचलं. मग म्हणाला, शर्टाचं वरचं बटण तुटलंय, लावून दे. मी म्हटलं, काढून द्या. तो म्हणाला, अंगावरच लाव. मी लावलं, काका. सुई हातात होती आणि हात असा कापत होता, की वाटलं आता टोचतेय आणि आता हा मला मारतोय. बटण लावून झाल्यावर मला विचारलं, 'मग? जाणार का मुख्यालयात?' दुसऱ्या पत्राच्या वेळीही तोच. तेव्हा बटण शाबूत होतं. त्यानं माझ्यासमोर ते उपटून काढलं."

बाहेर शेजारच्या दुकानातल्या घड्याळांनी एकामागून एक ठोके दिले, एकाचंही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

"तुम्ही इतक्यांदा येऊन गेलात," ती म्हणाली. "दर वेळी वाटायचं, आता विचाराल. नंतर वाटेनासं झालं."

मोतीकाकानं कागदाच्या चार घड्या पुन्हा घातल्या आणि तो तिला परत दिला. 'चूक झाली' हे शब्द मघाशी वापरून संपले होते.

ऑफिसात परतल्यावर त्यानं अकरा फायली पुन्हा काढल्या. या वेळी त्यानं मजकूर वाचला नाही, फक्त पोच पाहिल्या. प्रत्येक फायलीत दोन, म्हणजे बावीस पोच. प्रत्येकीवर वर बाईची सही, आणि खाली 'बजावले' या शब्दापुढं पत्र नेणाऱ्याची आद्याक्षरं. बावीसही ठिकाणी आद्याक्षरं एकाच माणसाची होती. हे भाऊंनी लपवलं नव्हतं, कुणीच लपवलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते मोतीकाकाच्या नाकासमोर होतं, आणि बाईची सही आहे एवढं पाहून तो फाईल मिटत आला होता.

शुक्रवारी सकाळी तो मॅडमपुढं बसला आणि सगळं सांगितलं. रकान्याचं, हेडक्लार्कचं, पत्रांच्या रीतीचं, बटणाचं. बावीस पोच त्यांनी एकेक करून पाहिल्या, मग तळव्यांनी डोळे दाबून धरले.

"हे लेखी द्यावं लागेल, काका. आणि त्यात तुमचंही नाव येईल."

"माहीत आहे."

"फक्त या अकरा फायलींपुरतं लिहा म्हटलं तर?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना त्याची दया आली होती, हे त्याला दिसलं. "बाकीच्या चार हजारांचं नंतर कुणी ना कुणी बघेल."

त्याला मोह झाला. खोटं कशाला सांगायचं, चांगलाच झाला. अकराच लिहिल्या तर अडीच महिने कदाचित निभले असते. पण 'नंतर कुणीतरी बघेल' हेच वाक्य तो एकतीस वर्षं कपाटात भरत आला होता, आणि आता त्या कपाटाचं दार लागत नव्हतं.

त्यानं कोरा नमुना मागून घेतला. 'ज्याच्याविरुद्ध तक्रार' या ओळीपुढं स्वतःचं नाव लिहिलं, आणि तक्रारीच्या जागी, मोत्यासारख्या अक्षरात, सगळं. जे आले नाहीत त्यांची त्यानं कधी चौकशी केली नाही, आणि अशा सर्वांना समाधानी लिहिलं. खाली तीन रकाने होते. त्यानं पहिल्यावर खूण केली: तथ्य आढळले. या रकान्यावर तो पेन टेकवतोय, असं इतक्या वर्षांत पाच-सहादाच झालं असेल.

मॅडमनी कागद वाचला. "निष्कर्ष मी काढायचा असतो, काका."

"तेवढं काम तुमचं वाचवलं."

सोमवारी भाऊंनी जनविश्वास कक्षाचा कारभार घेतला नाही. बदली झाली नाही, निलंबन झालं नाही, फक्त 'नियुक्ती पुढे ढकलण्यात येत आहे' असा दोन ओळींचा कागद लागला. भाऊ रजेवर गेले. मोतीकाकाला चौकशीची नोटीस लागली, तीही एका शिपायानं हातोहात आणून दिली. शिपायानं पोच घेतली, पण डोळ्याला डोळा दिला नाही. जिन्यावर माणसं त्याला पाहून बोलणं आवरू लागली. निरोप समारंभाचं नाव कुणी काढेना. बायको म्हणाली, "बरं झालं. तुम्हाला शाल कधी शोभत नाही."

मग अकरा जणींना पुन्हा बोलवायचं ठरलं. मोतीकाकानं पत्रं लिहिली, मॅडमनी सह्या केल्या आणि शेवटच्या छापील ओळीवर बोट ठेवलं: 'स्थानिक ठाण्यामार्फत.'

"मी नेतो," मोतीकाका म्हणाला.

"तुमच्यावर चौकशी चालू आहे. तुम्ही साक्षीदारांकडं जाणं नियमात बसत नाही." त्यांनी अकरा पत्रांचा गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवला आणि उठून खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला नेताना पाहिलेलं नाही. माझ्या सहीची पत्रं आहेत. फक्त पोचवा. केसबद्दल चकार शब्द बोलू नका."

पहिलं पत्र घेऊन तो मागच्या गल्लीत गेला. मंगळवार होता. टेलरबाईनं त्याची पँट घडी करून ठेवली होती. ती त्यानं काखेत मारली आणि पाकीट पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं नाही.

"वाचा," ती म्हणाली.

"ताई, मला बोलायची..."

"बोलू नका. वाचा. त्यानं मला वाचायला लावलं होतं. तुम्ही वाचा."

मोतीकाकानं पाकीट फोडलं. यंत्राजवळ उभं राहूनच तो वाचू लागला. आपल्या तक्रारीसंदर्भात. जबाब देण्यासाठी. आपण मुख्यालयात. पुढचा शब्द समोर होता, त्याच्याच अक्षरात, सुबक आणि गोल. जुन्या सवयीनं त्यानं तो याही वेळी लिहून टाकला होता. तिथं तो अडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय वाचणं शक्यच नव्हतं.

"नाही ना येत?" टेलरबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. थकवा होता, त्याच्याइतकाच किंवा थोडा अधिक. "मी दोनदा वाचला होता."

तिनं कानामागची पेन्सिल काढली, मग विचार बदलून ती परत ठेवली. "तुमच्याकडं शाईचं पेन असेल. तो शब्द खोडा."

"काय?"

"मी येईन. पण निःसंकोचपणे नाही येणार. भीत भीत येईन, दाराशी दहादा थांबेन, कदाचित जिन्यावरून परतही फिरेन. तसं आलेलं चालत असेल तर तो शब्द खोडा."

मोतीकाकानं पत्र इस्त्रीच्या टेबलावर पसरलं आणि शब्दावरून आडवी रेघ मारली. रेघ वाकडी गेली. मग नियमाप्रमाणे, खाडाखोड आपणच केली हे कळावं म्हणून, त्यानं तिच्याशेजारी आपली आद्याक्षरं घातली. टेलरबाईनं ती नीट पाहून घेतली. मग पोचेच्या कागदावर सही केली आणि पत्र पत्र्याच्या डब्यात ठेवलं, या वेळी बटणांच्या वर.

"उद्या अकराला," ती म्हणाली. "तुम्ही जिन्याशी उभे राहा."

"राहतो."

गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. पँट मांडीवर घेतली, त्यावर उरलेल्या दहा पत्रांचा गठ्ठा ठेवला. नियमानं त्यानं ही पत्रं उघडायचीही नव्हती. त्यानं एकेक पाकीट उघडलं, तोच शब्द शोधला, त्यावर रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरं घातली. मग तो उठला आणि दुसऱ्या पत्त्याकडं चालू लागला.